जुन्या संगणकांचे खेळ आणि लेव्हल एडिटरची निवड

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

ऐंशीच्या दशकातील घरगुती संगणकांसाठी आज नव्याने खेळ तयार करणाऱ्या हौशी मंडळींवरील लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो ही नावे मराठी दैनिकात क्वचितच वाचायला मिळतात, म्हणून लेखकाचे आणि आपले मनापासून आभार. मात्र लेखाच्या अखेरीस लेव्हल, म्हणजे खेळातील टप्पे, तयार करण्याच्या साधनांची जी यादी दिली आहे आणि त्यांपैकी वापरायला जे सोपे वाटेल ते घ्यावे असा जो सल्ला दिला आहे, त्याविषयी थोडे सविस्तर लिहिण्याची परवानगी घेतो. आजच्या मोबाइलसाठी खेळ करणाऱ्याला तो सल्ला चालून जाईल. ४८ किलोबाइट मेमरीच्या यंत्रासाठी खेळ करताना मात्र एडिटरच्या खिडकीत काय दिसते हा प्रश्न दुय्यम असतो. त्या एडिटरमधून शेवटी कोणते आकडे, किती आणि कोणत्या क्रमाने बाहेर पडतात, हे आधी पाहावे लागते, आणि नेमके तेच त्या यादीत कोठेही सांगितलेले नाही.

ज्यांना विषय नवा आहे त्यांच्यासाठी एवढेच सांगतो की अशा खेळातील प्रत्येक दृश्य लहान चौरस तुकड्यांचे, म्हणजे टाइल्सचे, बनलेले असते. विटेची टाइल, गवताची टाइल, शिडीची टाइल असे तुकडे एकदा रेखाटून ठेवायचे आणि मग कोणत्या चौकटीत कोणता तुकडा बसवायचा याचा नकाशा करायचा. हा नकाशा माउसने भरण्याचे साधन म्हणजे लेव्हल एडिटर. आपल्याला त्यात भुयार, किल्ला किंवा कारखाना दिसतो. यंत्राला दिसते ती टाइलच्या क्रमांकांची एक लांबलचक रांग.

ब्रिटनमध्ये एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअर कंपनीने आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम उदाहरणादाखल घेऊ. त्याचा पडदा २५६ बाय १९२ बिंदूंचा, म्हणजे ३२ बाय २४ अशा ७६८ चौकटींचा असतो आणि प्रत्येक चौकट ८ बाय ८ बिंदूंची असते. ४८ किलोबाइट म्हणजे ४९,१५२ बाइट. त्यांपैकी ६,९१२ बाइट पडद्यालाच लागतात (६,१४४ चित्रासाठी आणि ७६८ रंगांसाठी), तेव्हा प्रोग्रॅम, आवाज, हलती चित्रे आणि नकाशे या सर्वांना मिळून ४२,२४० बाइट उरतात आणि त्यांतूनही यंत्राच्या स्वतःच्या नोंदींसाठी काही जागा सोडावी लागते. आता एखाद्याने साठ खोल्यांचा खेळ योजला आणि प्रत्येक चौकटीसाठी एक बाइट खर्च केला, तर नुसत्या नकाशांनाच ४६,०८० बाइट लागतील, म्हणजे खेळाची एक ओळही लिहिण्याआधी मेमरी संपेल. तोच खेळ १६ बाय १६ बिंदूंच्या टाइल्सनी मांडला, तर एका पडद्यावर १९२ टाइल्स बसतात आणि साठ खोल्यांना ११,५२० बाइट पुरतात. टाइल्सचे प्रकार सोळाच ठेवले, तर एका बाइटात दोन टाइल्सचे क्रमांक बसतात आणि हिशेब ५,७६० बाइटांवर येतो. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यांत आठपटीचा फरक आहे. हा निर्णय कोणताही एडिटर आपल्यासाठी घेत नाही, आणि तो न घेताच जो एडिटर उघडून बसतो त्याला नकाशे पूर्ण झाल्यावर तो घ्यावा लागतो.

या बाबतीत मॅथ्यू स्मिथ यांच्या दोन गाजलेल्या खेळांची तुलना फार बोलकी आहे. १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’मध्ये वीस गुहा आहेत आणि प्रत्येक गुहेला १,०२४ बाइट दिलेले आहेत. त्यांतील पहिले ५१२ बाइट म्हणजे ३२ बाय १६ चौकटींचे थेट रंगच आहेत आणि चौकटीचा रंग पाहूनच प्रोग्रॅम ती भिंत आहे की घातक काटा आहे हे ओळखतो. त्यामुळे एकाच गुहेत दोन वेगळ्या प्रकारच्या टाइल्सना हुबेहूब तीच रंगजोडी देता येत नाही. ही पद्धत साधी आणि जलद असली, तरी जागेच्या बाबतीत खर्चिक आहे. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘जेट सेट विली’मध्ये खोल्या साठच्या घरात गेल्या. जुन्याच पद्धतीने त्यांना ६१,४४० बाइट लागले असते, आणि तेवढी मेमरी त्या यंत्रात मुळात नव्हती. म्हणून तेथे प्रत्येक खोलीला २५६ बाइट मिळाले आणि मांडणीसाठी त्यांपैकी फक्त १२८. एका चौकटीला दोन बिट (आठ बिटांचा एक बाइट) म्हणजे रिकामी जागा, जमीन, भिंत आणि घातक वस्तू एवढे चारच प्रकार झाले. तिरपा जिना आणि सरकता पट्टा यांची सुरुवात, दिशा व लांबी वेगळी नोंदवली गेली, आणि त्यामुळे एका खोलीत एकच जिना व एकच पट्टा ठेवता येतो. या खेळाच्या खोल्या खेळताना आपल्याला लेखकाची शैली म्हणून जे जाणवते, त्याचा बराचसा भाग या १२८ बाइटांनी ठरवलेला आहे. अशा खेळासाठी कोणी आजच्या सर्वसाधारण एडिटरमध्ये नकाशा काढू लागला, तर एडिटर त्याला एका खोलीत पाच जिने आनंदाने काढू देईल. तो एडिटरचा दोष नव्हे. त्याला या यंत्राची आणि या खेळाच्या बांधणीची माहितीच नाही.

पदविका अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅमिंग शिकवताना त्यांना मी म्हणूनच आधी आलेखाचा कागद घ्यायला सांगतो. एकच खोली कागदावर काढावी, तिचे आकडे हाताने लिहावेत, ते आकडे प्रोग्रॅममध्ये टाकून एम्युलेटरवर, म्हणजे आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, ती खोली उभी करावी आणि मगच एडिटर शोधायला निघावे. आपल्याला एडिटरकडून काय हवे आहे हे त्या एका खोलीतच कळते. एडिटर आधी निवडून नकाशाची बांधणी नंतर ठरवणे म्हणजे घराचा आराखडा होण्याआधीच खिडक्यांचे गज करून आणण्यासारखे आहे.

आता प्रत्यक्ष साधनांकडे वळतो. यादीत पहिल्या क्रमांकावर असलेले ‘टाइल्ड’ हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक या तिन्हींवर चालते, आणि स्वतःचा प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्यासाठी माझी पहिली शिफारसही तीच आहे. त्याची फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात ठेवता येते, एका नकाशात अनेक थर करता येतात, शत्रू आणि किल्ल्या यांसाठी वस्तूंचा वेगळा थर मिळतो आणि प्रत्येक टाइलला किंवा वस्तूला आपल्या मनाजोगे गुणधर्म जोडता येतात. परंतु हे साधन आजच्या खेळांसाठी घडलेले आहे आणि आठ-बिट यंत्रासाठी ते वापरताना काही ठिकाणी हमखास पाय घसरतो. त्या जागा सांगितल्याशिवाय शिफारस करणे योग्य होणार नाही.

पहिली जागा क्रमांकांची आहे. टाइल्डच्या नकाशाच्या फाइलमध्ये शून्य म्हणजे रिकामी चौकट आणि पहिल्या टाइलचा क्रमांक एक असतो, तर असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या थेट आज्ञांच्या भाषेत, लिहिलेल्या आपल्या प्रोग्रॅममध्ये पहिली टाइल बहुधा शून्य क्रमांकाची असते. सगळा नकाशा एका टाइलने सरकलेला दिसला, तर कारण प्रथम येथे शोधावे. दुसरी जागा अधिक फसवी आहे. टाइल्डमध्ये एक कळ दाबून टाइल आडवी किंवा उभी उलटवता येते आणि पडद्यावर ती छान दिसते. पण ही उलटवल्याची खूण त्याच क्रमांकाच्या सर्वांत वरच्या बिटांमध्ये साठवली जाते. त्यामुळे पहिली टाइल आडवी उलटवली की तिचा क्रमांक एक न राहता २,१४,७४,८३,६४९ होतो. २५५ पेक्षा मोठा आकडा एका बाइटात मावत नाही आणि रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने वरचे बिट निमूटपणे छाटून टाकले, तर टाइल सरळच उमटते व चूक कोठे झाली हे चटकन उमगत नाही. स्पेक्ट्रमला टाइल उलटवण्याची सोय यंत्रातच नाही, तेव्हा उलटी टाइल हवी असल्यास ती वेगळी टाइल म्हणून रेखाटणे हाच सरळ मार्ग आहे.

वस्तूंच्या थरातही एक बारकावा आहे. साधा आयत ठेवला तर टाइल्ड त्याचा वरचा डावा कोपरा नोंदवतो, पण टाइलच वस्तू म्हणून ठेवली तर नेहमीच्या नकाशात तिचा खालचा डावा कोपरा नोंदवला जातो. दोन्ही एकाच पद्धतीने वाचली, तर शत्रू जमिनीत पुरलेले दिसतात. याशिवाय अमर्याद नकाशाचा पर्याय बंद ठेवावा, कारण तो चालू असला की नकाशा तुकड्यातुकड्यांत साठवला जातो. आणि थराचे स्वरूप दाबलेल्या सांकेतिक मजकुराऐवजी स्वल्पविरामाने विभागलेले साधे आकडे असे निवडावे, म्हणजे फाइल डोळ्यांनीही वाचता येते.

टाइल्सच्या चित्रात टाइल्स कोणत्या क्रमाने लावायच्या, हा विषय बहुतेक जण सौंदर्याच्या अंगाने पाहतात. माझ्या मते तो वेगाचा विषय आहे. समजा पहिल्या सोळा टाइल्स पार्श्वभूमीच्या, पुढच्या सोळा भिंतींच्या आणि त्यापुढच्या घातक वस्तूंच्या ठेवल्या, तर स्पेक्ट्रमच्या झेड-८० प्रोसेसरला टाइलचा प्रकार ओळखायला एक तुलना आणि एक उडी पुरते, प्रत्येक टाइलच्या गुणधर्मांचा वेगळा तक्ता मेमरीत ठेवावा लागत नाही. ३.५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या यंत्रात खेळाडूच्या आणि शत्रूंच्या भोवतालच्या चौकटी सेकंदाला अनेकदा तपासाव्या लागत असताना ही बचत जाणवते. त्याचबरोबर नवी टाइल मध्ये घुसवायची नाही, आपापल्या गटाच्या शेवटी मोकळ्या ठेवलेल्या जागेतच टाकायची, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. नाहीतर त्यापुढच्या सगळ्या टाइल्सचे क्रमांक बदलतात आणि आधी केलेले नकाशे बिघडतात.

यादीतील दुसरे नाव ‘एलडीटीके’. ‘डेड सेल्स’ या खेळामुळे ओळखले जाणारे फ्रेंच खेळकर्ते सेबास्तियन बेनार यांनी ते तयार केले असून दिसायला आणि हाताळायला ते टाइल्डपेक्षा अधिक नेटके आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यातील पूर्णांकांचा थर, ज्यात प्रत्येक चौकटीत केवळ एक आकडा असतो, आठ-बिट यंत्राला फार जवळचा आहे. परंतु ज्या सोयीसाठी लोक हे साधन घेतात, म्हणजे भिंतीच्या कडा आणि कोपरे नियमांनुसार आपोआप सजवणे, ती सोय टाइल्सची संख्या वाढवत नेते आणि सोळा किंवा बत्तीस टाइल्सच्या मर्यादेत काम करणाऱ्याला तिचा उपयोग थोडा व मोह जास्त होतो.

ज्याला असेंब्ली शिकायची नाही, पण स्पेक्ट्रमवर चालणारा पुरा खेळ हवा आहे, त्याच्यासाठी जोनाथन कॉल्डवेल यांचे ‘आर्केड गेम डिझायनर’ हे साधन यादीत पहिल्या क्रमांकावर असायला हवे होते; लेखात त्याचा उल्लेखही नाही याचे आश्चर्य वाटले. हे साधन मुळात स्पेक्ट्रमवरच चालते. त्यात खोल्या, ठोकळे, हलती पात्रे आणि घटनांची छोटी भाषा एकत्र दिलेली आहे. प्रत्येक ८ बाय ८ ठोकळ्याला रिकामी जागा, फळी, भिंत, शिडी, घातक वस्तू असा प्रकार नेमून देता येतो, म्हणजे एडिटरला ठोकळा दिसतो कसा एवढेच नव्हे, तो वागतो कसा हेही माहीत असते. शिवाय स्पेक्ट्रमच्या एका चौकटीत दोनच रंग, आणि तेही एकाच तेजाचे, हे बंधन येथे आपोआप पाळले जाते, तर पीसीवरच्या सर्वसाधारण एडिटरमध्ये सात रंगांची टाइल रंगवूनही कोणी हटकत नाही आणि यंत्रावर गेल्यावर रंग एकमेकांत मिसळलेले दिसतात. पुढे याच साधनाची इतर अनेक आठ-बिट यंत्रांसाठी पीसीवरून खेळ तयार करून देणारी आवृत्तीही आली. या मार्गाची किंमत अशी की खेळाचा सांगाडा ठरलेला असतो आणि अशा अनेक खेळांची चाल एकमेकांसारखी वाटते. १९८७ मध्ये कमोडोरसाठी आलेल्या ‘शूट एम अप कन्स्ट्रक्शन किट’बद्दलही तेव्हा हेच म्हटले जाई. पहिला खेळ पूर्ण होणे हे दहा अर्धवट खेळांपेक्षा चांगले असे मला वाटते, म्हणून नवख्याने ही किंमत मोजायला हरकत नाही.

सगळा प्रोग्रॅम स्वतः लिहिणे आणि ठरलेल्या सांगाड्यात खेळ बसवणे या दोहोंच्या मधला रस्ता स्पेनमधील ‘मोखोन ट्विन्स’ या मंडळींनी दाखवला आहे. त्यांच्या ‘ला चुर्रेरा’ या संचात सी भाषेतील तयार सांगाडा मिळतो आणि नकाशासाठी ‘मॅपी’ हा विंडोजवरील जुना, लहानसा एडिटर वापरला जातो. एका पडद्यावर १६ बिंदूंच्या १५ बाय १० टाइल्स, म्हणजे एका खोलीला १५० बाइट, आणि टाइल्सचे प्रकार सोळाच ठेवले तर ७५ बाइट. मॅपी आज ओबडधोबड दिसतो, पण त्यातून निघालेली फाइल सांगाड्याला जशी हवी तशी रूपांतरित करणारा छोटा प्रोग्रॅम संचासोबतच येतो. आपल्या यादीच्या निकषावर हे साधन शेवटी गेले असते. मी सांगतो त्या निकषावर ते बरेच वर येते.

कमोडोर ६४ चे गणित वेगळे आहे. ऑगस्ट १९८२ मध्ये बाजारात आलेल्या या यंत्रात ४० बाय २५ अक्षरचौकटींचा पडदा असतो, २५६ अक्षरांचा संच २,०४८ बाइटांत आपल्याला हवा तसा बदलता येतो (म्हणजे अक्षरांच्या जागी टाइल्सचे तुकडे रेखाटता येतात) आणि रंगांसाठी स्वतंत्र मेमरी असते. बहुरंगी पद्धतीत बिंदूची रुंदी दुप्पट होते, तीन रंग सगळ्यांना समाईक राहतात आणि चौथा रंग त्या त्या चौकटीचा स्वतःचा, पण पहिल्या आठ रंगांपैकीच एक असावा लागतो. ही बंधने ज्या एडिटरला ठाऊक आहेत तोच येथे कामाचा, आणि त्या दृष्टीने ‘चारपॅड’ला तोड नाही. अक्षरे, अक्षरांपासून बनलेल्या टाइल्स आणि टाइल्सचा नकाशा या तिन्ही पायऱ्या तो एकत्र हाताळतो आणि प्रत्येकीचे बाइट वेगळ्या फाइलमध्ये काढून देतो. त्याची मोफत आवृत्ती मर्यादित आहे, पूर्ण आवृत्तीला पैसे पडतात आणि तो विंडोजसाठीच आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत लिनक्स असेल तर हे आधी पाहावे लागेल.

कमोडोरवर पडदा सात बिंदूंपर्यंत हळुवार सरकवण्याची सोय यंत्रातच असल्याने आडवे सरकणारे खेळ तेथे फार होतात, आणि त्यांच्यासाठी नकाशा आडव्या ओळींऐवजी उभ्या रांगांच्या क्रमाने साठवला तर नवी उभी रांग आणताना तिचे सर्व बाइट सलग सापडतात. बहुतेक एडिटर ओळींच्या क्रमानेच फाइल लिहितात, म्हणून मध्ये क्रम फिरवणारा एखाद्या पानाचा, पायथन भाषेतील प्रोग्रॅम ठेवावा लागतो. शत्रूंच्या जागांबाबतही एक गोष्ट लक्षात ठेवावी. पडदा ३२० बिंदू रुंद असल्याने आडवी जागा एका बाइटात मावत नाही आणि तिचा नववा बिट वेगळ्या ठिकाणी लिहावा लागतो. स्पेक्ट्रमच्या २५६ बिंदूंच्या पडद्यावर हा प्रश्नच येत नाही. असा रूपांतराचा प्रोग्रॅम स्वतः लिहिण्याची ज्याची तयारी आहे, त्याला एडिटर निवडण्याचे स्वातंत्र्य कितीतरी वाढते, म्हणून विद्यार्थ्यांनी एडिटरची सारी बटणे पाठ करण्याआधी हा प्रोग्रॅम लिहायला शिकावे असे मी आग्रहाने सांगेन. नकाशे मोठे असतील तर त्याच टप्प्यावर ते दाबून लहानही करता येतात. आइनार साउकास यांच्या ‘झेडएक्स-झिरो’ पद्धतीत स्पेक्ट्रमवर नकाशा पुन्हा उलगडणारा भाग ७० बाइटांपेक्षाही लहान आहे.

बीबीसी मायक्रोचा आपल्याकडे खरा संबंध आहे, म्हणून त्याचा स्वतंत्र उल्लेख करतो. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या केंद्र सरकारच्या प्रकल्पात प्रारंभी देशभरातील २५० शाळांमध्ये संगणक शिक्षण पोहोचवायचे ठरले आणि त्यासाठी हेच यंत्र निवडले गेले, त्यामुळे आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या काही वाचकांनी कळफलकावर पहिले बोट याच यंत्रावर ठेवले असेल. (स्पेक्ट्रम प्लसही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन भारतात विकला होता.) या यंत्राच्या ३२ किलोबाइटांपैकी सर्वाधिक रंगांची पडदापद्धत एकटीच २० किलोबाइट घेते, त्यामुळे नकाशासाठी येथे स्पेक्ट्रमपेक्षाही हात आखडावा लागतो. तरीही १९८६ च्या ‘रेप्टन ३’ सोबत लेव्हल आणि पात्रे बदलण्याचा एडिटर खेळणाऱ्याच्याच हाती दिलेला होता. ज्यांना प्रोग्रॅमिंगच्या वाटेला जायचेच नाही, फक्त लेव्हल रचण्याची हौस आहे, त्यांनी एम्युलेटरवर असा एखादा खेळ उघडून त्याच्याच एडिटरमध्ये रचना करून पाहावी. कोठे दगड पडेल, कोठे खेळाडू अडकेल आणि कोठून सुटेल हा विचार तेथे निखळपणे करता येतो.

मराठीत खेळ करू इच्छिणाऱ्यांसाठी एक मुद्दा यादीत यायलाच हवा होता. स्पेक्ट्रमच्या रॉममध्ये, म्हणजे यंत्रात कायमच्या भरलेल्या मेमरीत, रोमन अक्षरे तयार असतात आणि त्यांना आपल्या मेमरीतून काही द्यावे लागत नाही. देवनागरीची वेलांटी वर जाते, उकार खाली येतो, मध्ये शिरोरेषा असते आणि जोडाक्षरे रुंद होतात. ८ बिंदूंच्या उंचीत हे वाचण्याजोगे बसत नाही, १६ बिंदू लागतात. पूर्ण देवनागरी संच मेमरीत ठेवण्यापेक्षा खोल्यांच्या नावांना आणि सूचनांना लागणारे शब्दच टाइल्स म्हणून काढावेत आणि एडिटरमध्येच नकाशाप्रमाणे मांडावेत. मात्र त्यामुळे टाइल्सची संख्या वाढते, म्हणून सोळा टाइल्सच्या मर्यादेचे साधन घेण्याआधी हे शब्द मोजून पाहावेत. कमोडोरवर २५६ अक्षरांचा संच असल्याने शीर्षकाच्या पडद्यासाठी वेगळा संच ठेवणे सोयीचे पडते.

स्वतःचाच एडिटर लिहावा काय, हा प्रश्न हुशार विद्यार्थी हटकून विचारतात. ‘जेट सेट विली’सारखी विचित्र बांधणी असेल तर होय, फक्त चौकटी भरता येतील एवढा, एखाद्या पानाचाच लिहावा. एरवी माझे उत्तर नाही असे असते, कारण एडिटर लिहिण्यात खेळ लिहिण्याइतकीच मजा येते आणि मग खेळ राहून जातो. वापरात असलेल्या साधनाची फाइल मजकुराच्या स्वरूपात ठेवून तिच्या जुन्या प्रती ‘गिट’ या आवृत्त्या सांभाळणाऱ्या साधनात जपल्या, तर पाच वर्षांनी ते साधन चालेनासे झाले तरी नकाशे वाचता येतात, ज्या साधनाची फाइल त्याच्याशिवाय कोणालाच उघडता येत नाही, त्यात तयार केलेले नकाशे त्याच दिवशी साध्या आकड्यांच्या स्वरूपातही काढून ठेवावेत.

आपल्याला विनंती अशी की या विषयावरील पुढचा लेख छापताना साधनांच्या यादीत प्रत्येक नावापुढे ते कोणत्या संगणकावर चालते, कोणत्या यंत्राची बंधने त्याला ठाऊक आहेत, फाइल कोणत्या स्वरूपात बाहेर पडते आणि एका पडद्याला साधारण किती बाइट लागतात, एवढे चार रकाने जोडावेत. सुट्टीत हा उद्योग करू पाहणारे विद्यार्थी आपले दैनिक वाचतात आणि ती यादी कापून ठेवतात, हे मी पाहतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक वाचक, कोल्हापूर